साडेसहाशे वर्षांचा तहनामा

मराठ्यांच्या इतिहासाशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे, त्याच्या मनात तहनाम्यांच्या आयुष्याविषयी फारसा भ्रम उरत नाही. पुरंदरचा तह १६६५ च्या जूनमध्ये झाला आणि १६७० साल उजाडले तेव्हा त्या तहाने दिलेले किल्ले एकामागून एक परत घेतले जाऊ लागले होते. सालबाईचा तह १७८२ चा, आणि महादजी शिंद्यांनी मोठ्या खटपटीने जमविलेली ती शांतता दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईला जाऊन स्वतःच्या हाताने मोडीत काढली. तह म्हणजे दोन लढायांमधली विश्रांती, अशी आपल्या पूर्वजांची समजूत होती आणि ती अनुभवातून आलेली असल्यामुळे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. अशा स्थितीत, दक्षिणेत बहमनी राज्य अजून मूळ धरीत होते त्या काळात, १३७३ साली, लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये लिहिला गेलेला एक मैत्रीचा करार आजतागायत रद्द झालेला नाही, उभय राष्ट्रे तो अंमलात असल्याचे अजूनही मानतात, आणि विसाव्या शतकातल्या दोन्ही महायुद्धांत त्याचा प्रत्यक्ष आधार घेतला गेला, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याने साशंक व्हावे हे स्वाभाविकच आहे.

ही दोन राष्ट्रे म्हणजे इंग्लंड आणि पोर्तुगाल. हा विषय परक्यांच्या दप्तरातला म्हणून बाजूला सारणे मराठी वाचकाला परवडणारे नाही. कारण या मैत्रीच्या एका कलमाने मुंबई बेट इंग्रजांच्या पदरात पडले, तिची कसोटी अलिबागच्या किनाऱ्यावर आणि वसईच्या तटाखाली आपल्याच लोकांनी पाहिली, आणि तिच्यावर विसंबून बसलेल्या एका सरकारचा भ्रमनिरास १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात झाला.

मैत्रीचे मूळ भूगोलात आहे. पोर्तुगालच्या पश्चिमेला व दक्षिणेला अटलांटिक महासागर. उरलेल्या दोन्ही बाजूंना कॅस्टील, म्हणजे पुढे ज्याचे स्पेन झाले ते बलाढ्य राज्य. अशा जागी वसलेल्या लहान राष्ट्राला स्वतंत्र राहायचे असेल तर त्याचा मित्र समुद्राच्या वाटेने येणारा असावा लागतो. इंग्लंडची निकड निराळी होती. फ्रान्सशी चाललेल्या शतवर्षीय युद्धात कॅस्टीलचे आरमार फ्रान्सच्या मदतीला असे, आणि ते निष्प्रभ करावयाचे तर आयबेरियन द्वीपकल्पात एखादा दोस्त आणि एखादे बंदर हाताशी असणे अवश्य होते. व्यापाराने दोन्ही किनारे आधीच जोडलेले होते: इंग्लंडचे लोकरी कापड दक्षिणेला जाई आणि तिकडची दारू, मीठ व फळे उत्तरेला येत. १६ जून १३७३ रोजी तिसरा एडवर्ड आणि पोर्तुगालचा राजा फर्नांदो यांच्या वतीने जो करार झाला, त्यात शाश्वत मैत्रीची, एकमेकांच्या शत्रूला थारा न देण्याची आणि गरज पडेल तेव्हा फौजेने व आरमाराने साहाय्य करण्याची ग्वाही होती.

अशी ग्वाही त्या काळी युरोपातले राजे एकमेकांना सर्रास देत. हा करार कागदावर राहिला नाही याचे श्रेय मात्र बारा वर्षांनंतरच्या एका लढाईला आहे. फर्नांदोला मुलगा नव्हता. त्याची मुलगी कॅस्टीलच्या राजाला दिलेली, आणि सासऱ्याच्या मृत्यूनंतर जावयाने गादीवर हक्क सांगितला. पोर्तुगालातल्या शहरांनी व धाकट्या सरदारांनी तो मानला नाही. फर्नांदोच्या सावत्र भावाला, जुआंवला, त्यांनी राजा केले. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोता येथे सेनापती नूनु आल्व्हारिश पेरेरा याने जागा निवडून, खंदक खणून, कितीतरी मोठ्या कॅस्टिलियन सैन्याचा एका संध्याकाळी चुराडा केला, आणि त्याच्या सैन्यात इंग्रज तिरंदाजांची एक तुकडी होती. पुढच्याच वर्षी, ९ मे १३८६ रोजी, विंडसर येथे करार नव्याने आणि अधिक तपशिलाने लिहिला गेला. सर्वसाधारणपणे लोक या मैत्रीचा तहनामा म्हणतात तो हा.

हा दस्तऐवज बारकाईने पाहण्यासारखा आहे. कोणाच्याही विरुद्ध साहाय्य करू असे सांगतानाच अपवादांची यादी जोडलेली आहे: पोप सहावा अर्बन, जर्मनांचा राजा वेंझेल आणि कॅस्टीलच्या गादीवर स्वतःचा हक्क सांगणारा इंग्रज राजपुत्र, लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट. त्या वेळी युरोपात दोन पोप होते. फ्रान्स व कॅस्टील एकाच्या बाजूला, इंग्लंड व पोर्तुगाल दुसऱ्याच्या. म्हणजे धर्माचे भांडणही या मैत्रीच्या पथ्यावर पडले होते. दोन्ही देशांच्या रयतेला एकमेकांच्या मुलुखात निर्वेधपणे ये-जा करण्याची, राहण्याची व व्यापाराची मुभा होती. करार वारसांवर व उत्तराधिकाऱ्यांवर बंधनकारक होता. आणि याच वेळी, शाश्वत मैत्रीच्या उदात्त शब्दांना रोख्याचे रूप देण्यासाठी, पोर्तुगालने स्वतःच्या खर्चाने दहा लढाऊ गलबते सहा महिने इंग्लंडच्या राजाच्या चाकरीत पाठवावीत असेही ठरले. मैत्री शाश्वत, गलबते मात्र सहा महिने; हिशेबाची ही सवय दोन्ही दरबारांनी पुढे कधी सोडली नाही.

१३८७ साली जॉन ऑफ गाँटची मुलगी फिलिपा पोर्तो शहरात जुआंवशी विवाहबद्ध झाली. तिच्या मुलांपैकी एकाचे नाव हेन्री, आणि इतिहास त्याला नाविक हेन्री म्हणतो. याने स्वतः दूरचे सागर ओलांडले नाहीत, परंतु आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जहाजे पाठविण्याचा जो नाद त्याने लावला, त्याची परिणती वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचण्यात आणि १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेण्यात झाली. विंडसरच्या करारामुळे गोवा गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या राजघराण्याने हिंदी महासागराची वाट शोधली, त्या घराण्याची आई इंग्रज होती आणि ती या कराराच्या वाटेने आली होती, एवढे खरे.

१५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि करार निद्रिस्त झाला. निद्रिस्त म्हणणेही सौम्य आहे. १५८८ साली इंग्लंडवर चालून गेलेले स्पेनचे प्रचंड आरमार निघाले ते लिस्बनच्याच बंदरातून. १६४० साली पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारले आणि ब्रागांझा घराण्याचा चौथा जुआंव राजा झाला, तेव्हा पहिली धाव इंग्लंडकडे गेली. १६४२ आणि १६५४ असे दोन करार झाले, दुसरा क्रॉमवेलशी. मित्राने आपल्या राजाचे शिर उडविले असले तरी पोर्तुगालला मित्र हवा होता.

यानंतर आला १६६१ चा विवाहाचा करार, आणि येथून या कथेत आपला मुलूख उतरतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स कर्जात बुडालेला होता आणि पोर्तुगालला स्पेन व डच अशा दोन शत्रूंना एकाच वेळी तोंड द्यावयाचे होते. ब्रागांझाची कॅथरीन चार्ल्सला दिली गेली; तिच्याबरोबर वीस लाख क्रूझादो, आफ्रिकेतले टँजियर, आणि मुंबईचे बंदर व बेट. मोबदला म्हणून इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणाची हमी घेतली, आणि एका गुप्त कलमाने त्याच्या साऱ्या वसाहतींचे व जिंकलेल्या प्रदेशांचे वर्तमान आणि भावी अशा सर्व शत्रूंपासून रक्षण करण्याचे वचन दिले. साडेसहाशे वर्षांच्या या दप्तरात यापेक्षा निःसंदिग्ध वचन दुसरे नाही; हे कलम वाचकाने लक्षात ठेवावे.

मुंबई हाती पडणे मात्र सुकर झाले नाही. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांची जहाजे आली तेव्हा पोर्तुगीज विजरई आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याने मुखत्यारपत्रात खुसपटे काढून ताबा देण्याचे नाकारले. लिस्बनला बसलेल्यांना या बंदराची किंमत ठाऊक नव्हती, त्याला ती होती. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थानातली पोर्तुगीज सत्ता संपलीच, अशा आशयाचे त्याने आपल्या राजाला कळविले, आणि या बाबतीत तो आपल्या धन्यापेक्षा दूरदृष्टीचा ठरला. सर अब्राहम शिपमन आपली फौज घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडला. तेथे पाऊस, ताप आणि निकृष्ट अन्न यांनी शेकडो शिपाई मेले, १६६४ साली शिपमनही मेला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक हयात राहिलेले शंभराच्या आसपास लोक घेऊन मुंबईच्या बेटावर उतरला. ताबा देण्याचा विधी दोना इनेज द मिरांदा या बाईच्या वाड्यात झाला, ज्या वाड्यात शंभर वर्षांपूर्वी गार्सिया द ओर्ता हा वैद्य भाडेपट्ट्याने राहात असे. कुकने बुरुजांवरून फेरी मारली आणि मुंबईची माती व दगड प्रत्यक्ष हातात उचलून घेतले, अशी नोंद कबजेपत्रात आहे. माहीम या दानात येते की नाही यावर लगोलग वाद सुरू झाला, आणि कुकने माहीम दडपून घेऊन तो आपल्या बाजूने मिटविला. तीनच वर्षांनी चार्ल्सने हे स्त्रीधन ईस्ट इंडिया कंपनीला सालिना दहा पौंड खंडाने देऊन टाकले.

आता कसोटी. १७२१ च्या अखेरीस कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागवर इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून स्वारी केली. जंगी तयारी होती, खुद्द विजरई हजर होता, आणि इंग्लंडहून आलेली राजाची लढाऊ जहाजे कमोडोर मॅथ्यूज याच्या हुकमतीखाली होती. पहिला हल्ला फसला, दोस्तांमध्ये एकमेकांवर दोषारोप सुरू झाले, आणि इतक्यात बाजीराव पेशवे फौजेसह येऊन ठेपले. पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी परस्पर तह उरकला आणि छावणी मोडली. या प्रसंगी विश्वासघाताची ओरड इंग्रजांनी केली, आणि ती निराधार नव्हती.

मग १७३९ साली फेड झाली. चिमाजी आप्पांनी वसईला मोर्चे लावले. साष्टी आधीच गेलेली होती. वसईच्या तटावरून मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे पत्रांमागून पत्रे पाठविली. मुंबईच्या कौन्सिलाने थोडी बारूद व गोळे दिले, माणूस एकही दिला नाही. पैसे मागितले तेव्हा काही रक्कम कर्जाऊ दिली, परंतु चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण घेऊन. शाश्वत मैत्री, गुप्त कलम, वर्तमान व भावी सर्व शत्रू, हे सारे एका बाजूला आणि पूजेची चांदी तारण ठेवणारा सावकार दुसऱ्या बाजूला, असे हे दृश्य आहे. मे महिन्यात वसई पडली. चिमाजी आप्पांनी शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिले, आणि इंग्रजांनी त्यांना मुंबईत आणण्यासाठी गलबते पाठविण्याचे सौजन्य दाखविले. दोन महिन्यांच्या आत कॅप्टन इंचबर्ड वसईस चिमाजी आप्पांसमोर बसून पेशव्यांच्या मुलुखात इंग्रजांना व्यापाराची मोकळीक देणारा तह करीत होता.

येथे इंग्रजांना दगलबाज ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या बखरकारांची टोपीकरांविषयीची वृत्ती पाहता ते रुचेलही. पण याच इंग्रजांनी १७६२ साली स्पेन पोर्तुगालवर चालून आले तेव्हा आपली पलटणे लिस्बनला उतरविली होती. १८०७ साली नेपोलियनचा सेनापती जुनो लिस्बनच्या वेशीपाशी आला तेव्हा सबंध राजघराणे, दरबार व खजिना जहाजांवर चढवून ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणाखाली ब्राझीलला नेण्यात आला. पुढच्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उतरला. पाच वर्षांपूर्वी आसईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशी झुंजलेला हाच तो सेनापती, पुढचा वेलिंग्टन. त्याने लिस्बनच्या उत्तरेला तोरिश व्हेद्रास येथे डोंगरांच्या रांगांवर गढ्यांची साखळी बांधवून घेतली आणि १८१० साली मासेनाची फ्रेंच फौज तिच्यासमोर उपाशी राहून परत फिरली. हे साहाय्य खोटे नव्हते. त्यात इंग्रजांचे रक्त सांडले.

मग वसईला आणि लिस्बनला निरनिराळा न्याय का? माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे उत्तर एका वाक्यात सामावते: इंग्लंडने पोर्तुगालचा किनारा सदैव राखला, पोर्तुगालचे साम्राज्य कधीही नाही. लिस्बनचे बंदर शत्रूच्या हाती गेले तर अटलांटिकमधल्या इंग्रजी आरमाराला धोका. तेथे तहाचा शब्द आणि इंग्लंडचा स्वार्थ एकाच दिशेने वाहात. वसई मराठ्यांकडे गेली काय आणि राहिली काय, मुंबईच्या कंपनीला त्यात तोट्यापेक्षा फायदाच दिसत होता. तेथे तहाचा शब्द एकटा पडला, आणि एकटा पडलेला शब्द अधिक स्पष्ट लिहिला म्हणून बळकट होत नाही. १६६१ चे गुप्त कलम सर्वांत स्पष्ट होते आणि सर्वांत कमी पाळले गेले, हा योगायोग नव्हे.

शिवाय रक्षणाची किंमत वसूल होत असे. १७०३ च्या मेथ्यूएन कराराने पोर्तुगीज दारूवर इंग्लंडात फ्रेंच दारूपेक्षा एकतृतीयांश कमी जकात बसू लागली आणि त्याच्या बदल्यात इंग्लंडच्या लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली. इंग्रज उमराव पोर्ट वाइनचे पेले रिचवू लागले, पोर्तो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारी थाटल्या गेल्या, आणि पोर्तुगालातल्या विणकरांचा धंदा बसला. ब्राझीलचे सोने या कापडाची किंमत चुकविण्यासाठी लंडनला वाहात राहिले. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ साली व्यापारातला परस्पर लाभ सिद्ध करण्यासाठी कापड आणि दारू यांचेच उदाहरण घेतले. त्याचे गणित अचूक आहे, परंतु त्या गणितात आरमार कोठेच येत नाही. १८१० साली, राजघराणे ब्राझीलमध्ये इंग्रजांच्या आश्रयाने राहात असताना, जो करार झाला त्याने ब्राझीलच्या बंदरांत इंग्रजी मालावर शेकडा १५ जकात ठरली. त्या वेळी खुद्द पोर्तुगीज मालावर शेकडा १६ होती.

गोव्यातही हा आश्रय पोहोचला होता. फ्रेंचांची भीती पुढे करून इंग्रजांनी १७९९ साली गोव्यात आपली फौज आणून बसविली ती १८१३ पर्यंत हलली नाही; पोर्तुगीज निशाण वर फडकत होते आणि किल्ल्यांत लाल डगलेवाले होते. पुढे १८७८ च्या करारान्वये मुरगावचे बंदर व तिथून घाटावर चढणारा लोहमार्ग यांची उभारणी सुरू झाली, आणि त्याच करारान्वये गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिश सरकारचा अंमल बसला. आगर पिढ्यान्‌पिढ्या चालविणाऱ्या गोमंतकीय माणसाला आपल्याच मिठासाठी परक्या अंमलदाराच्या तोंडाकडे पाहावे लागले. मुदत संपल्यावर १८९२ मध्ये तो करार पुन्हा केला गेला नाही.

मैत्रीतला सर्वांत कडवट प्रसंग मात्र आफ्रिकेतला. अंगोलापासून मोझांबिकपर्यंत सलग पट्टा आपला असावा अशी पोर्तुगालची आकांक्षा होती आणि तिचा नकाशा गुलाबी रंगात रंगविलेला होता. इंग्रजांना तोच प्रदेश उत्तर-दक्षिण हवा होता. ११ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडचा पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी याने निर्वाणीचा खलिता धाडला: शिरे नदीच्या खोऱ्यातून माणसे ताबडतोब काढून घ्या. पोर्तुगालने ती काढून घेतली. लिस्बनच्या रस्त्यांवर लोक उसळले. त्या संतापात रचलेले एक गाणे पुढे प्रजासत्ताक आल्यावर पोर्तुगालचे राष्ट्रगीत झाले. म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या मैत्रीतल्या एका राष्ट्राचे राष्ट्रगीत मूळचे दुसऱ्यावरील रागातून जन्मले आहे. १८९८ साली इंग्लंडने जर्मनीशी गुप्तपणे बोलणी करून पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहती प्रसंग आला तर कशा वाटून घ्यावयाच्या हे ठरविले. आणि एका वर्षाने, बोअर युद्ध तोंडावर येऊन मोझांबिकच्या बंदरातून बोअरांना जाणारी शस्त्रे अडविण्याची गरज पडताच, त्याच इंग्लंडने पोर्तुगालशी गुप्त जाहीरनामा करून १६४२ व १६६१ च्या तहांना पुनश्च मान्यता दिली. दोन्ही कागद एकाच परराष्ट्र खात्याच्या कपाटात होते.

असे असूनही १९१६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या विनंतीवरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजे जप्त केली, आणि जर्मनीने ९ मार्चला त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले. पोर्तुगीज शिपाई फ्लँडर्सच्या चिखलात मेले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने तटस्थता पत्करली, आणि इंग्लंडलाही ती सोयीचीच वाटली, कारण पोर्तुगाल युद्धात पडता तर स्पेनही जर्मनीच्या बाजूने पडण्याचा संभव होता. १९४३ साली अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांचा पाठलाग करण्यासाठी आझोर बेटांवर विमानतळ हवे झाले तेव्हा जुना कागद बाहेर निघाला. १२ ऑक्टोबर १९४३ रोजी चर्चिलने कॉमन्स सभेत जाहीर केले की १३७३ साली झालेल्या करारातून निष्पन्न होणारी एक घोषणा त्याला करावयाची आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये मात्र कलकत्त्याच्या हौशी घोडदळातल्या मध्यमवयीन इंग्रजांच्या एका टोळीने मुरगावच्या तटस्थ बंदरात रात्री शिरून, बातम्या पाठविणाऱ्या एहरनफेल्स या जर्मन जहाजावर हल्ला चढविला होता. आझोरसाठी तहाचा आधार, मुरगावसाठी रात्रीचा अंधार!

स्वतंत्र भारत आणि पोर्तुगाल यांचा वाद पेटला तेव्हा सालाझारने सारी जुनी दप्तरे उघडली. १९५४ साली दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि तेथे त्याने पुढे केला तो पेशवे दरबाराशी १७७९ साली झालेला तह. १९६० च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने निकाल दिला की मराठ्यांनी पोर्तुगीजांना त्या गावांचा केवळ महसूल सरंजामादाखल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. नागरी ये-जा करण्याचा हक्क होता, सशस्त्र फौज नेण्याचा नव्हता. न्यायाधीशांसमोर मोडी दप्तरातले पेशवाईचे कागद उलगडले जावेत, हे नाना फडणिसांच्याही कल्पनेत आले नसते.

राहिले ते इंग्लंड. १९५४ सालीच ब्रिटिश सरकारने लिस्बनला कळविले होते की राष्ट्रकुलातल्या सभासद देशाविरुद्ध साहाय्य करण्याला अपरिहार्य मर्यादा आहेत. मुत्सद्द्यांच्या भाषेत याचा अर्थ नकार असाच होता, आणि १९६१ च्या डिसेंबरात सालाझारने तहाचे स्मरण करून दिले तेव्हा तोच पुन्हा सांगण्यात आला. नाटोचाही उपयोग नव्हता, कारण त्या संघटनेचे क्षेत्र उत्तर अटलांटिकपुरते. १८ डिसेंबरला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. सुरक्षा समितीत युद्धबंदीच्या ठरावाला इंग्लंडने अमेरिकेबरोबर मत दिले, सात विरुद्ध चार मते पडली, आणि रशियाच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला. १९ तारखेला गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा शरण आला. शेवटचा माणूस व शेवटची गोळी असेपर्यंत लढा, अशी आज्ञा लिस्बनहून होती. ती त्याने मानली नाही, आणि गोव्याच्या रयतेचे प्राण वाचले. जानेवारीत सालाझारने आपल्या राष्ट्रीय सभेसाठी लिहिलेल्या भाषणात इंग्लंडविषयीची कटुता लपविली नाही. त्याने १७३९ चा पत्रव्यवहार चाळला असता तर त्याला इतके आश्चर्य वाटले नसते.

तरी त्याने करार रद्द केला नाही, पुढे लोकशाही आल्यावर दुसऱ्या कोणी केला नाही. १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात आझोर बेटांची सोय इंग्लंडला पुन्हा मिळाली. १३ जून २०२२ रोजी उभय देशांच्या पंतप्रधानांनी लंडनमध्ये सहकार्याच्या नव्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पोर्तुगालच्या वतीने सही करणारे आंतोनियु कोश्ता यांचे पितृघराणे गोव्यातल्या मडगावचे. पुढच्या वर्षी कराराची साडेसहाशे वर्षे पुरी झाली.

गोव्याचा प्रश्न कायद्याने मिटला तो या पुरातन तहाच्या कोणत्याही कलमाने नव्हे, तर एका निराळ्या छोट्या कराराने. १९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालातली हुकूमशाही कोसळली; त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांच्यावरील भारताचे सार्वभौमत्व, ते प्रदेश भारतात सामील झाल्याच्या मूळ तारखांपासून, पोर्तुगालने मान्य केले. त्या करारावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियु सोआरेश यांची सही आहे आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाण यांची.